वाळवलेलं रानडुक्कर

भिजत घातलेल्या मांसाचं पाणी तपकिरी झालं होतं आणि त्यावर चरबीचे पिवळे थेंब तरंगत होते. बाळंतपणानंतर मी पांढरीफटक पडले होते, म्हणून सासूबाईंनी मीठ-हळद लावून चुलीच्या धुरावर वाळवलेलं रानडुकराचं मांस माझ्यासाठी काढलं होतं. एका तुकड्याला अजून राठ केस होते. ते त्यांनी निखाऱ्यावर जाळले, तेव्हा घरभर करपट दुर्गंधी पसरली.

“खा गं पोरी, अंगात रगत भरंल,” म्हणत त्यांनी वाटी पुढे केली. तुकडा चावता चावेना. चपलेच्या पट्ट्यासारखा तो तोंडात फिरत राहिला आणि त्यातून खवट तेल सुटलं. मी धावत परसात गेले आणि भडाभडा ओकले.

एक अंग भरायला दुसरं अंग वाळवावं, भिजवावं, चावावं लागतं, हे एरवी ताटात दिसत नाही. त्या दिवशी दिसलं, आणि पदराला येणारा माझ्याच दुधाचा वासही नकोसा झाला.

सासूबाई पाण्याचा तांब्या घेऊन मागे आल्या. आता बोलणी बसणार, असं वाटलं. पण पाठीवरून हात फिरवत त्या म्हणाल्या, “मला तर शिजवतानाच मळमळतं. माझ्या बाळंतपणात मी बी अशीच ओकले हुते.”

“मग मला का दिलंत?”

“दुसरं काय हुतं गं घरात?”

आत बाळ भुकेनं रडायला लागलं. मी चूळ भरली, आत गेले आणि नाक दाबून ती वाटी संपवली.