माथ्यावरच्या चपला

ओल्या बुटांचा वास आला की मी अजूनही मान वळवून मागे बघतो. तेव्हा मी नुकताच शहरातल्या लोकांना कळसूबाईवर न्यायला लागलो होतो. माथ्यावर देवीचं एवढंसं देऊळ. लोक बाहेर पायातलं काढून आत जातात आणि दारापुढे एकही जोड उरला नाही की सगळे निघाले असं समजायचं, ही आम्हा वाटाड्यांची रीत. त्या दिवशी धुकं सारखं येत होतं, जात होतं. मी घाई केली, लोकांनी भराभर बूट चढवले, मी वळून दारापुढचा कातळ बघितला, तो मोकळा होता, आणि उतरायला लागलो. पहिली लोखंडी शिडी संपली तेव्हा संगमनेरहून आलेल्या मुलीनं विचारलं, "दादा, आई कुठंय?" तिची आई नवस फेडायला अनवाणी चढली होती. मी धावत वर गेलो. बाई देवळाच्या दारातच होती, चौकट दोन्ही हातांनी घट्ट धरून. "मी इथंच उभी हुते," ती हळू म्हणाली. "तुमी वळून बघितलं की. मला वाटलं, थांबतील. मग धुकं आलं, आन् तुमी न्हवतेच." मी तिचा हात धरून तिला खाली उतरवलं. आता मी चेहरे मोजतो, दोनदोनदा मोजतो. तरी निघताना नजर आधी खाली कातळावरच जाते, आणि तिथून उचलून दाराकडे बघायला मला आजही धीर गोळा करावा लागतो.