कपडे नेऊ न देणारी मुलगी

१९ मे, सोमवार. सकाळी नळाला पाणी उशिरा आले. सुनेने डॉक्टरीणबाईंच्या कोटाची बाही चुकीची कापली. भिंगरीला गुरुवारी मावशीकडे धाडायचे ठरले. दुपारी ऊन, पण वारा होता. माझा चष्मा सापडला.

सासूबाईंच्या रोजनिशीत चार ओळींत मावलेला हा दिवस सुनेला मात्र डोंगराएवढा गेला होता. सगळी गल्ली तिला टेलरबाई म्हणते. पुढच्या खोलीत खिडकीशी मशीन, मधे कापायचं टेबल आणि भिंतीलगत एक लांब दांडी. शिवून झालेले आणि दुरुस्तीला आलेले कपडे तिथे हँगरवर लटकत असतात. नवरा मालाच्या ट्रकवर, आज इथे तर उद्या तिथे. घर चालायचं ते या मशीनवर, आणि मशीन चालायचं ते भिंगरी शाळेत गेली तर.

भिंगरी सहा वर्षांची. शाळेला सुट्टी लागली आणि तिनं आईच्या नाकी नऊ आणले. गिऱ्हाईक कपडे न्यायला आलं की ही दारात आडवी पडायची, हातातला कपडा ओढायची, गल्ली गोळा होईल असं किंचाळायची. शेजारच्या एका काकांच्या पँटला तर अक्षरशः लोंबकळली. शिवण पक्की आहे एवढं तरी कळलं, असं म्हणून काका हसले, पण पुढची पँट त्यांनी दुसरीकडे टाकली.

टेलरबाईनं गोड बोलून पाहिलं, डोळे वटारून पाहिलं, कोपऱ्यात उभं करून पाहिलं, नवी रंगपेटी आणून पाहिली. एक ना धड भाराभर चिंध्या, असं सासूबाई म्हणाल्या. टेलरबाईच्या अगदी ओठांवर आलं होतं की चिंध्यांवरच तर आपलं घर चाललंय.

तशात हा कोट. तिची कामाची एक रीत होती. संध्याकाळी माप घेऊन खडूनं खूण करायची आणि सकाळी, हात ताजा असताना, कापायचं. सकाळी पुन्हा टेप लावायची नाही. खडू दाखवेल तिथे कात्री. इतक्या वर्षांत खडूनं कधी दगा दिला नव्हता. सोमवारी तिनं बाही कापली, खाली पडलेला तुकडा उचलला, तर त्या तुकड्यावर तिचीच बारीक रेघ. म्हणजे कात्री चालली ती भलत्याच खुणेवर. तिच्या तोंडचं पाणी पळालं. खूण कुणी केली, विचारल्यावर भिंगरी म्हणाली, "मी," आणि टेबलाखाली जाऊन बसली.

तेव्हा टेलरबाईनं बहिणीला फोन केला. भिंगरी मावशीकडे आजवर एक रात्रही टिकली नव्हती, आणि आता उरलेली सगळी सुट्टी तिथे काढायची. पण गिऱ्हाइकं तुटली तर खायचं काय?

मंगळवारी सकाळी आखूड बाहीला कफ जोडता येतो का, हे बघायला तिनं कोट उजेडात धरला, आणि ती थबकली. बाहीच्या कापलेल्या कडेशी खडूचा एक छोटा तिरका फटकारा उरला होता. तिनं तुकडा जोडून पाहिला. ती रेघ नव्हतीच. ती बरोबरची खूण होती, वहीत बाई करतात तशी. कोटाला कुणी बरोबर देतं?

तिनं दांडीवरचे कपडे एकेक उलटून पाहिले. फ्रॉकच्या घेरावर बरोबर. सदऱ्याच्या कॉलरखाली दोनदा बरोबर. एका तपकिरी पँटवर मात्र फुली, आणि ती पँट टोकाला, भिंतीकडे तोंड करून. आता रागापेक्षा कुतूहल मोठं झालं. ती मुद्दाम स्वयंपाकघरात गेली, भांडी वाजवली आणि दाराआडून बघू लागली. सासूबाईही पाठीशी येऊन उभ्या राहिल्या.

भिंगरीनं गळ्यात टेप अडकवली, हातात फूटपट्टी घेतली आणि दांडीपुढे उभी राहिली.

"फ्रॉक, सरळ उभी राहा. कोट, तुझा हात दुखतोय ना, तू आज लिहू नकोस. आणि पँट, तू फार बोलतेस."

टेलरबाईला एकदम आठवलं. कपडा घरात येताना ही पोर कधीच रडली नव्हती. उलट डोळे मोठे करून बघत बसायची. रडायची ती फक्त कपडा जाताना.

सासूबाई कुजबुजल्या, "अगं, भरल्या वर्गातून मूल कुणी असं ओढून नेतं का? आमच्या मिशनच्या शाळेत सिस्टर पालकांनासुद्धा दाराबाहेर थांबवायच्या."

दुपारी फ्रॉक न्यायला एक बाई आल्या. भिंगरीचे ओठ थरथरू लागले. टेलरबाईनं त्यांना उंबऱ्यातच थांबवलं आणि दांडीवर टकटक केलं.

"टीचर, आत येऊ? या मुलीच्या घरचे आलेत."

भिंगरीनं आईकडे संशयानं पाहिलं. मग फूटपट्टी काखेत मारली. "तिचा अभ्यास झाला का?"

"झाला. काजंसुद्धा झाली."

बराच विचार झाला. "मग ती पास. पण पुढच्या वर्गात बडबड करायची नाही."

त्या बाई गोंधळून "बरं, टीचर" म्हणाल्या आणि फ्रॉक घेऊन गेल्या. भिंगरी दार लागेपर्यंत बघत राहिली. डोळ्यांत पाणी आलं, पण ओरडली नाही.

संध्याकाळी डॉक्टरीणबाई आल्या. टेलरबाईनं कापलेली बाही समोर ठेवली आणि घडलं ते सांगितलं. त्यांचा चेहरा पडलाच. मग कफ कसा लागेल ते पाहिल्यावर त्या भिंगरीकडे वळल्या.

"काय टीचर, माझा कोट पास कधी?"

भिंगरीनं आईकडे पाहिलं.

"गुरुवारी," टेलरबाई म्हणाली, आणि त्या गेल्यावर तिनं बहिणीला फोन लावला. गुरुवारी तिला न्यायला येऊ नकोस, इथे शाळा चालू आहे, असं सांगितलं. बहिणीला काही कळलं नाही. मग प्रत्येक कपड्याला कागदाची चिठ्ठी टाचली आणि टीचरला बजावलं की खूण करायची ती चिठ्ठीवरच. टीचरनं पहिली फुली पुन्हा त्या पँटलाच दिली.

सासूबाईंनी त्या संध्याकाळी रोजनिशीत लिहिले: गॅसची टाकी बदलली.