व्याह्याचे रक्त

पेडण्यापासून डिचोलीपर्यंत आमच्या व्याह्याएवढा हेकट माणूस दुसरा नाही. मी स्वतः कुणाचे ऐकणारा नाही, तेव्हा हे मी जाणूनच लिहितो. कोरगावचा हा गृहस्थ डिचोलीच्या खाणीवर खनिजाचे ट्रक चालवून म्हातारा झाला, आणि आता जगातली प्रत्येक गोष्ट त्याला ट्रकच वाटते. जेवला की पोटावर थाप मारून टाकी फुल्ल म्हणणार. सून तापाने फणफणली तर म्हणे थोडी गार होऊ दे, आपोआप स्टार्ट होईल. ती सून म्हणजे माझी लेक. गणेश चवथीला मी लेकीच्या सासरी फराळाचे वझे घेऊन गेलो की करंजीसारख्या नेवऱ्या एकेक दाबून बघतो, जशी टायरची हवा. डॉक्टरचे नाव काढले तर उत्तर ठरलेले: "चालत्या गाडीचे बॉनेट उघडायचे नसते. माका शिकवू नका." मुलीचा बाप म्हणून मी गप्प.

पण आमची नात शाळेत धावताना बेशुद्ध पडली, तेव्हा मात्र मी गप्प राहिलो नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ठोके बिघडवणारा दोष पोरीच्या रक्तातच आहे, आणि तो घराण्यातून येतो. गोळी रोज, धावणे-पोहणे बंद, आणि घरात आणखी कुणाला आहे ते रक्त तपासून बघायचे. व्याही तिथेच म्हणाला, हे सुनेकडून आले, आमचे रक्त साफ. चार माणसांत! लेक मान खाली घालून बसली. मी तिथेच शर्टाची बाही वर केली, तर बाई म्हणाल्या, आजोबा, आधी आईबापांचे.

घरात कुणी अचानक, पाण्यात वगैरे, गेले का असे त्यांनी विचारले. व्याही म्हणतो, कोणी नाही. ह्याचा थोरला भाऊ तरणाताठा असताना शापोरा नदीत बुडाला, हे अख्ख्या कोरगावला ठाऊक. मी तसे सांगितले तर माझ्यावरच डोळे वटारले. "तो दारू पिऊन बुडाला. तो ह्यात धरायचा नाही."

रिपोर्ट आले. लेकीचे रक्त निर्दोष, दोष जावयात. आता व्याह्याचे रक्त हवे, तर हा काजूच्या बागेत जाऊन बसला. मी तिथे गेलो आणि मुलीच्या बापाने बोलायचे नसते ते बोललो. "माझ्या लेकीवर ढकलताना तोंड होते ना? आता हात पुढे करा." आला. सुई टोचताना भिंतीकडे बघत बसला.

दोष त्याच्यातही निघाला. बाईंनी समजावले, असे रक्त घेऊन कुणी काही न होता म्हातारा होतो, तर कुणी पट्टीचा पोहणारा पाण्यातच जातो. माझे शब्द तयार होते. लेकीची माफी मागायला लावल्याशिवाय सोडणार नव्हतो.

बाहेर बसस्टॉपवर तो माझ्या शेजारी बाकावर टेकला. मग म्हणाला, "दादा दारू पिऊन बुडलो नाय, व्याहीबुवा. बापानेच तसे ठरवून टाकले, आणि स्वतः मरेपर्यंत त्याचे नाव घेतले नाही. आणि मी बापाचे ऐकले."

माफी अजून राहिली आहे, ती मी सोडलेली नाही. पण त्या दिवशी मला काय झाले कोण जाणे, मी विचारले, कसे होते हो तुमचे दादा? पेडण्याची बस आली आणि गेली. तो सांगत राहिला, आणि मी त्याला उठवले नाही.