पाहुण्यायच्या खुर्च्या

“वडिलांना बाहेरच बसव ना. आत त्यांना उगाच अवघडल्यासारखं होईल.”

सर बोलले. आवाज गोड, चेहऱ्यावर हसू. विमानतळावर, लाउंजच्या काचेच्या दारासमोर. माह्या हातात माहं गोल्ड कार्ड. बाजूले माहे बाबा. पांढरा सदरा, इस्तरीची घडी अजून मोडली नव्हती. जिंदगीत पहिल्यांदा विमानात बसणार होते.

अन् सर बोलले तसे बाबा सरकत सरकत भितीकडं गेले बी. तेथं खुर्च्या रिकाम्या पडल्या होत्या. त्यायनं खुर्ची घेतली नाई. भितीले पाठ लावून उकिडवे बसले. चकचकीत फरशीवर, पिशवी पोटाशी धरून.

“मले काय होते, पोरी? जा तू साहेबाले घेऊन.”

माह्या अंगाचा भडका उडाला. 

हे कार्ड काय भानगड हाये ते सांगून टाकलेलं बरं. मी सूतगिरण्यायच्या मशिनी बसवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर. आज कोइमतूर, परवा गुजरात, मंग आमच्याच जिल्ह्यात हिंगणघाट. एवढी उडली, एवढी उडली, की विमानवाल्यायनं गोल्ड मेंबर केलं. म्हणजे रांग वेगळी. सामान जास्त नेता येते. विमानात पहिले चढाचं. अन् लाउंजमध्ये फुकट जाचं, संगं एक पाहुणा घेऊन. एकच. आत मऊ खुर्च्या, गरम जेवण, चहा-कॉफी पायजे तेवढी. बाहेर तर चहाचा भाव ऐकूनच तलफ मरते.

सर आमचे सेक्शन हेड. त्यायचं कार्ड कधीचंच गेलतं, कारण ते टूरवर जात नाईत, आमाले पाठवतात. कधी संगं आलेच तर माह्या कार्डावर आत. काउंटरवरच्या पोरीनं कार्ड मागितलं की मागं न पाहता अंगठा माह्याकडं करत अन् पुढं चालू पडत. कार्ड माहं, पाहुणे ते. आत गेलं की खुर्चीत पसरून म्हणत, “कॉफी आण गं. साखर कमी.”

मी आणत होती.

एकदा बोर्डिंगची पहिली रांग लागली, गोल्डवाल्यायची. मी उभी राह्यली. सर मागच्या लंब्या रांगेत. तेथून संगच्या माणसाले मोठ्यानं म्हणाले, “बघा, आरक्षण इथेही! यांनाच आधी.”

तो हसला. रांगेतले आणखी दोघं-तिघं हसले. कोणाले काही समजावून सांगा लागलं नाई.

अरे बापा, या कार्डाले जातीचा दाखला लागत नाई! उडा लागते. तापात उडली मी. चुलत बहिणीच्या लग्नाच्या दिवशी उडली. आई दवाखान्यात होती तवा बी उडली. पण हे सगळं मनातल्या मनात. कारण सेक्शन लीडच्या जागेसाठी माहं नाव सरच पाठवणार होते. ते जागा भेटली तर टूर बंद. पुण्यात एका जागी राहता आलं असतं. बाबाले जवळ ठेवता आलं असतं. आई गेल्यापासून ते आर्वीकडच्या आमच्या गावात एकटेच. चूल पेटवाचा कंटाळा येते म्हणून चिवडा खाऊन झोपतात. मले हे शेजारणीनं सांगतलं.

त्या दिवशी सर हिंगणघाटच्या कामासाठी आलते. पुण्याले परतीचं विमान आमचं एकच. बाबाले मी पुण्याचं घर दाखवाले नेऊन राह्यली होती. विमानतळावर येताना गाडीत सर बाबाशी एक शब्द बोलले नाईत. बाबा बाजूले बसले असून मले इचारलं, “काय करायचे तुझे वडील?”

मांडव टाकत माहे बाबा. बल्ल्या, कनाती, खुर्च्या. आमच्या भागात लग्न कोणाचंही असो, मांडव बाबाचा. खुर्च्या अशा लावत की दोरी धरल्यावानी सरळ. पण त्यावर बसत नसत. काम झालं की मांडवामागं, आचाऱ्याच्या चुलीजवळ, उकिडवे. सगळ्या पंगती उठल्या की मंग त्यायचं जेवण. घरी आम्ही बुद्धवंदना म्हणत होतो. मांडवात बाबाची जागा तेच होती.

लहान होती तवा एकदा मी संगं गेलती. नव्या लाल खुर्च्या आल्या होत्या. मी एकीवर जाऊन बसली. पाय जमिनीले टेकत नव्हते, ते हालवून राह्यली होती. लय खुशीत होती मी.

नवरीचा मामा आला. “ए, मांडववाल्याची पोट्टी! ऊठ तेथून. पाहुण्यायच्या खुर्च्या हायेत त्या.”

बाबा धावत आले. मामापुढं हात जोडले. मले बखोट्याले धरून उठवलं. अन् खांद्यावरच्या दुपट्ट्यानं ते खुर्ची पुसली. मी बसली होती ते खुर्ची. माह्याच बापानं.

ते पुसणं माह्या डोळ्यापुढून कधी गेलं नाई.

लाउंजच्या दारात मले तेच दिसलं. बाप तोच, तसाच उकिडवा. मामानं फक्त सूट घातलता.

“मॅडम, गेस्ट कोण आहेत?” काउंटरवरच्या पोरीनं इचारलं.

सरनं सवयीनं अंगठा माह्याकडं केला अन् एक पाय आत टाकला.

इकडं आड, तिकडं विहीर. बाबाले आत नेलं तर ते जागा गेली, अन् बाबा माह्या घरी राहाले कधीच येणार नाईत. सरले आत नेलं तर बाबा येतीन माह्या घरी, पण या भितीशी बसून येतीन. माह्याच कार्डानं बसवलेले.  

“थांबा, सर.” मी बोलली. “गेस्ट एकच चालते. माहे बाबा हायेत गेस्ट.”

सरचं हसू तसंच राह्यलं तोंडावर. “आणि मी?”

“बाहेर खुर्च्या हायेत, सर.”

ऑफिसात मी पुस्तकी मराठी बोलते. त्या दिवशी गावचंच निघालं तोंडातून.

“विचार करून बोलतेस ना? सोमवारी तुझंच नाव पाठवणार होतो मी.”

“ते तुमचं तुमी पाहा.”

बाबा घाबरले. “अवं माय, काऊन भांडून राह्यली? साहेब हायेत ते. माह्यापायी नोकरी जाईन तुही.”

मी त्यायचा दंड धरला. “उठा, बाबा.”  मी रडून राह्यली होती अन् रडत रडत सरच्या डोळ्यात पाहून राह्यली होती. शेवटी नजर सरनं खाली घातली. बाबा उठले.

आत बाबा बसनात. एक खुर्ची वाकडी दिसली, त्यायनं ते सरळ केली. मंग तिच्या बाजूची. लॅपटॉपवाला एक माणूस मान वर न करता म्हणे, “भैया, पानी लाना.” बाबा पाणी शोधाले निघाले बी! मी त्या माणसाले म्हटलं, “वो भी यहाँ बैठने आए हैं.” मंग बाबाले हाताले धरून खिडकीजवळच्या मऊ खुर्चीत बसवलं. चहा आणून देला. त्या लाउंजमध्ये कोणासाठी काही आणाले मले पहिल्यांदा चांगलं वाटलं.

बाबा दोन्ही हातानं कप धरून बसले. विमानं पाहत होते. मंग म्हणाले, “त्या लग्नात मीच उठवलं होतं तुले. खुर्ची बी पुसली. याद हाये मले.”

“तुमी नाई उठवलं, बाबा. त्यायनं उठवलं. हात तेवढे तुमचे वापरले.”

 बाबा चहा पूर्ण पेले.

सोमवारी दुसऱ्याचं नाव गेलं. बाबा परत गावात, मी परत टूरवर. शेजारीण अजून चिवड्याचं सांगते, अन् ऐकून माहं काळीज तुटते. नोकरी सोडता येत नाई, घराचा हप्ता हाये. सरले ठाऊक हाये मी सोडू शकत नाई.

पुढच्या मिटिंगले टेबलाजवळच्या माह्या खुर्चीवर सरची बॅग होती. “तू मागे भिंतीशी बस,” ते म्हणाले. “टेबलाशी लीड बसतील.”

भितीशी! सगळे कागदात तोंड घालून बसले. मी भितीजवळची खुर्ची धरली अन् ओढत टेबलापर्यंत आणली. फरशीवर लय आवाज झाला. होऊ देला. सरच्या बरोबर समोर लावली, बाबा लावत तशी सरळ, अन् बसली.

तवापासून दर मिटिंगले ओढून राह्यली. राजीनामा मी देणार नाई. ज्याले मले उठवाचं हाये, त्यानं स्वतःच्या हातानं उठवून पाहावं. माह्या बापाचे हात आता भेटणार नाईत.