लिलावातली सातवी आसरा

लासूर स्टेशनला उतरलो तेव्हा नाशिकहून बरोबर आणलेला उत्साह अजून शाबूत होता. बाहेर कांद्याच्या ट्रॅक्टरांनी रस्ता अडवला होता, ऊन चढत होतं आणि माझ्या खिशातल्या फोनमध्ये एका दगडाचा फोटो होता. दुसऱ्या दिवशी संभाजीनगरात खनिजं, जीवाश्म आणि उल्कापाषाणांचा लिलाव होता. सरळ शहरात जाता आलं असतं, पण मला एक खोड आहे. दगड घेण्याआधी मी त्याचं गाव बघून येतो. सोयरीक जुळवताना लोक घर बघून येतात ना, तसंच.

हा दगड म्हणजे फिकट हिरव्या स्फटिकांचा गुच्छ. फोटोखाली लिहिलं होतं, ‘देवगाव रंगारी, विहिरीतून’. आपल्या काळ्या खडकात पोकळ्या असतात. विहीर खोदताना सुरुंगानं एखादी उघडली की आत असे स्फटिक सापडतात. पण असा हिरवा रंग नशिबानंच.

जीपनं देवगावला सोडलं. चहावाल्यानं कपाळाला आठ्या घालत सांगितलं की गार, म्हणजे स्फटिकाचा दगड, पूर्वी निघाली म्हणतात ती सोजराबाईच्या विहिरीत, वस्तीवर, मेंढवाड्याच्या पलीकडं. सोजराबाई सत्तरीच्या, काटक, हातात विळा. विहिरीजवळ जायचं म्हणून मी चपला काढल्या. त्यांनी माझ्या चपलांकडं पाहिलं, मग खांद्यावरच्या पिशवीकडं आणि विचारलं, “डोळे आणले का?”

मला काही कळेना. त्यांनी विहिरीच्या काठाचा कोनाडा दाखवला. तिथं शेंदूर माखलेले सहा दगड ओळीनं मांडलेले होते. सातव्या जागी नुसती सुपारी. या साती आसरा (पाण्यातल्या सात देवता). सासऱ्यांनी विहीर खोदली तेव्हा सुरुंगातून निघालेला तो स्फटिक त्यांनी पहिल्याच दिवशी शेंदूर लावून सातवी म्हणून बसवला. पुढं वर्षानुवर्षं शेंदरावर शेंदूर चढत गेला. आत काय आहे हे घरातल्या सुनांना, नातवंडांना कधी दिसलंच नाही.

उन्हाळ्यात शहरातून एक माणूस आला. त्यानंही चपला काढल्या, नारळ फोडला, हात जोडले. म्हणाला, आई, सहा जणींना चांदीचे डोळे आहेत, हिलाच का नाहीत? सराफ्यात बसवून आणतो, येत्या अमावस्येच्या आत. सोजराबाईंनी स्वतःच्या हातानं देवी फडक्यात बांधून दिली. मागून जेवणाचा डबाही दिला.

“चपला काढणाऱ्यावर इस्वास ठेवायचा नाय तर कुणावर, दादा?”

तो परत आलाच नाही, आणि विहिरीचं पाणी उतरलं. दरवर्षी उतरतं, पण या वर्षी त्याला कारण सापडलं होतं. धाकटी जाऊ गयाबाईनं त्यांच्या हातून पूजेचं ताट काढून घेतलं. वस्तीवरच्या बायका त्यांना कोनाड्याला हात लावू देईनात. ज्या बाईनं चाळीस वर्षं तिथं दिवा लावला, ती आता लांब उभी राहून नमस्कार करत होती.

मी फोटो दाखवला. त्यांनी मान हलवली, अशी हिरवी बाई आपण पाहिली नाही म्हणाल्या. मग आठवून सांगितलं की बुडाला एक खाच आहे. सासऱ्यांचा टिकाव लागला होता. “तिला उचलून बूड पुसणारी मी एकलीच, त्यामुळं ते मलाच ठाऊक.”

मी म्हणालो, मावशी, आणतो परत. भाकरी, ठेचा खाऊन निघालो तर एक चप्पल कुत्र्यानं पळवलेली. लासूरला रबरी सपाता घेतल्या आणि त्याच पायांनी शहरात शिरलो.

दुसऱ्या दिवशी लिलाव एका हॉटेलच्या गार हॉलमध्ये होता. दारातच अत्तराचा वास आणि चहाचे कप. पहिल्या टेबलावर दगडातला मासा, दुसऱ्यावर एक ‘उल्का’, जी मला भट्टीतल्या कचऱ्याचा गोळा वाटली. लोक तिच्याबरोबर फोटो काढून घेत होते. माझ्या सपातांकडं बघून स्वागताच्या मुलीनं विचारलं की आपण सामान पोचवायला आलात का. एरवी मी भांडलो असतो.

हिरवा गुच्छ मधोमध, काचेखाली, दिव्याच्या झोतात होता. औषधाच्या पाण्यात धुऊन त्याच्या अंगावर शेंदराचा कणसुद्धा ठेवला नव्हता. खरं सांगतो, इतका सुंदर दगड मी आयुष्यात पाहिला नाही, आणि त्या सुंदर दिसण्याचीच मला चीड आली. उचलून बघण्याची परवानगी घेतली. बुडाला बोट फिरवलं. खाच होती.

विकणारा शेजारीच उभा होता. मी हळूच विहिरीचं, सोजराबाईंचं सांगितलं. तो जरासुद्धा दचकला नाही.

“काका, मैंने डाका नहीं डाला. बाईनं खुशीनं दिला, वरून डबा दिला. तुम्हाला पाहिजे तर बोली लावा.”

आयोजकांकडं गेलो. त्यांनी सहानुभूतीनं चहा पाजला आणि तक्रार लेखी द्या म्हणाले, लिलाव झाल्यावर. म्हणून मी बोली लावली. मुंबईचा एक गृहस्थ फोनवर कुणाला तरी विचारून विचारून माझ्यावर चढत राहिला. शेवटी त्याचा फोन लागेना आणि दगड माझा झाला. किती मोजले ते घरी सांगितलेलं नाही, इथंही सांगत नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. देवीला सोडवायलाही टाळ्या पडतात हे मला तिथं कळलं.

त्या रात्री नान-खलिया, इथलं नावाजलेलं मटण, मागवलं आणि पिशवीत देवी आहे हे आठवून तसंच ठेवलं. सकाळी सराफ्यात जाऊन चांदीच्या डोळ्यांची जोडी घेतली, शेंदराची पुडी घेतली, आणि देवगाव गाठलं. स्वतःवर इतका खूश मी बऱ्याच दिवसांत नव्हतो.

वस्ती जमली. मी फडकं सोडलं. उन्हात ते हिरवं अंग असं लखलखलं की पोरं मागं सरकली. गयाबाई पुढं झाली. म्हणाली, “आमची लाल व्हती. ही दुकानातली काच हाय.” दोघीचौघींनी माना डोलावल्या. मी खाचेचं बोललो, तर थोरल्या जाऊबाईनंच सांगितलं असेल, म्हणाली.

सोजराबाईंनी दगड मांडीवर घेतला. त्यांचं बोट बुडाशी गेलं आणि तिथंच थांबलं. मी त्यांच्या तोंडाकडं बघत होतो. ओळख पटल्याचं मला स्पष्ट दिसलं. मग त्यांनी दगड फडक्यात गुंडाळून माझ्या हातात दिला.

“ही नाय,” त्या मोठ्यानं म्हणाल्या. “आमची नाय.”

रस्त्यापर्यंत पोचवायला त्या एकट्याच आल्या. मी चिडून विचारलं, मावशी, असं का केलंत? तुमच्यावरचा आळ गेला असता.

“हीच हाय,” त्या म्हणाल्या. “पण उघडी करून दिव्याखाली बसवली, बोली लागली तिच्यावर. हरवली म्हटलं तर कधीतरी इसरतील, दादा. बाजारात बसली, हे नाय इसरायचे. मला काय, मी लांबून करीन नमस्कार. तिची अब्रू तरी राहू द्या.”

डोळे मात्र त्यांनी मागून घेतले. पदराच्या गाठीला बांधले आणि माघारी वळल्या.

परतीच्या गाडीत पिशवी मांडीवर होती. आपण काहीतरी चांगलं करायला निघालो होतो, हे मला आठवतही नव्हतं. त्या विकणाऱ्यानं फसवून नेली, मी पैसे देऊन नेली. कोनाड्यात दोन्ही वेळा सुपारीच.

आता दगड माझ्या कपाटात आहे. पाहुणे आधी त्याच्यापुढंच थांबतात, माझ्या नशिबाचं कौतुक करतात. पैशांचा आकडा सोडून मी बायकोला सगळं एकदाच सांगितलं. तेव्हापासून त्या कपाटासमोरून जाताना ती पायातल्या सपाता काढते. मला ते बघवत नाही.