गुळगुळीत मणका

आईच्या पाठीच्या मणक्यात कॅन्सर उतरला तेव्हा ती मला सारखं एकच विचारायची, "बाय, मी चालेन ना?" मरणाचं तिने एकदाही विचारलं नाही. चाळीस वर्षं केळव्याच्या किनाऱ्यावरून मासळीची पाटी उचलायची आणि बोईसरच्या बाजारात येऊन बसायचं, हा तिचा दिनक्रम. तिच्या लेखी माणूस चालतो तोवरच माणूस. छातीची गाठ काढल्यावरही ती पंधरवड्यात बाजारात हजर झाली होती. आता मात्र घरातल्या घरात भिंत धरून चालत होती आणि ते मला बघवत नव्हतं.

आणि योग बघा, माझं कामच नेमकं हे! मी बोईसरच्या घरात बसून एका मुंबईच्या डॉक्टरसाठी कॉम्प्युटरवर उजेडाची गणितं करते. उपचार अजून नवा, प्रयोगातला. पेशंटला एक औषध टोचतात. ते अंगभर फिरतं, पण एकट्याने फारसं काही करत नाही. मग मणक्यात सुई घालून तिच्यातून काचेची बारीक तार सोडतात आणि तारेच्या टोकाशी लाल उजेड पेटवतात. औषध आणि उजेड जिथे भेटतात तिथल्या पेशी मरतात. हाडाच्या आत उजेड! पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी डॉक्टरांना तोंडावर म्हटलं होतं, थापा मारू नका.

अडचण एवढीच की मणक्याच्या मागच्या भिंतीला लागूनच मज्जारज्जू जातो. उजेड तिथे जास्त पोचला तर पायच जायचे. म्हणून आधी पेशंटच्या स्कॅनवरून कॉम्प्युटरमध्ये मणका उभा करायचा, त्यात उजेडाचे कोट्यवधी कण सोडायचे आणि एकेक कण कुठे वळला, कुठे विझला ते बघायचं. मी हे रोज करते, तरी अजून अंगावर शहारा येतो. एक कण कुठे जाईल हे कोणी सांगू शकत नाही. तो आपला भरकटतो, आपटतो, मागे फिरतो. पण कोट्यवधी सोडले की हाडात हळूहळू एक लाल गोळा उमटतो, आणि दर वेळी जवळजवळ तसाच उमटतो. हा सगळा गोंधळ शेवटी इतका शिस्तीत कसा येतो, ते मला शिकूनही पुरतं कळलेलं नाही.

आईवर हाच उपचार करायचं ठरलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, "तुझी आई आहे, ही फाईल दुसऱ्याला दे."

"दुसऱ्याला तिचं काय पडलंय?" मी म्हटलं. "तपासू दे हवं तर. पण गणित मीच करणार."

उपचाराला तीन दिवस राहिले होते. गणित झालं होतं, तपासूनही आलं होतं. मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप ठेवून आईला तिचा मणका दाखवला. निळा मणका, पोटात लाल गोळा, मागची भिंत शाबूत. शाबासकी मिळेल असं वाटलं होतं मला! आई समोर खुर्चीत बसून घोळ मासा साफ करत होती. तिने मान तिरकी करून बघितलं.

"हा माजा काटा?"

"काटा काय म्हणतेस? मणका आहे."

"तेच ते. एवडा गुळगुळीत कोनी केला? रगत कुटून येते-जाते?"

"म्हणजे?"

तिने माशाचा काटा माझ्या नाकासमोर धरला आणि अंगठ्याने काट्यालगतचं काळपट रक्त खरवडून दाखवलं. "बग. काट्याजवळ रगत असतेच. त्याला जायाला-यायाला वाट लागते. तुज्या चित्रात वाटच नाय."

मी भडकलेच. "आई, तू मासा नाहीस!"

"नाय तर नाय," ती म्हणाली आणि पुन्हा खरवडायला लागली.

तिला खोटं पाडायचं म्हणून, खरंच फक्त त्यासाठी, मी मूळ स्कॅन उघडला. एकेक चित्र पुढे सरकवत गेले आणि एका चित्रावर थांबले. मागच्या भिंतीत, बरोबर मधोमध, भोक होतं. माझ्या प्रोग्राममध्ये एक पायरी होती: बारीक भोक दिसलं की स्कॅनमधला दोष समजून ते बुजवायचं. ती पायरी मीच लिहिली होती, चित्र छान दिसावं म्हणून. तपासणाऱ्यांनीही बुजवलेलाच मणका बघितला होता. आधीचे मणके नुसते सरावाचे होते, त्यांवरून कोणावर उपचार झाला नव्हता. आई पहिलीच.

डॉक्टरांना फोन केला. स्कॅन उघडून ते म्हणाले, "भोक तिथे सगळ्यांनाच असतं, शीर जाते तिथून. पण हिचं कॅन्सरने कुरतडून मोठं केलंय."

ती पायरी काढून मी गणित पुन्हा चालवलं. या वेळी लाल गोळा गोळा राहिला नाही. त्या भोकातून त्याची एक जीभ बाहेर आली आणि थेट मज्जारज्जूला टेकली. मी आईच्या पायांकडे बघितलं. टेबलाखाली ती घोटे एकमेकांवर घासत बसली होती. मला रडू फुटलं.

"काय झालं गो?"

"तुझं बरोबर होतं."

"मंग रडते कशाला? नीट कर."

नीट केलं. तार पुढच्या अंगाला सरकवली, उजेडाचा वेळ कमी केला. डॉक्टरांनी आणि आणखी दोघांनी तपासलं. उपचारानंतर डॉक्टर आईला म्हणाले, "आजी, पायाची बोटं हलवा." तिने हलवली. वर विचारलं, "नाचून दाखवू?" माझा जीव भांड्यात पडला.

हा एक मणका झाला. बाकीच्या अंगात काय आहे ते तिला ठाऊक आहे, मलाही.

औषध अंगात असेपर्यंत तिला ऊन वर्ज्य होतं. जन्मभर उन्हात मासळी वाळवलेली बाई पडदे ओढलेल्या खोलीत बसून मला शिव्या घालत होती. डॉक्टरांनी परवानगी दिली त्या सकाळी मी खिडकी उघडली. ऊन फरशीवरून तिच्या पावलांपर्यंत आलं, आणि माझ्या आईने दचकून पाय मागे घेतला. मी तिला उन्हाला भ्यालेलं कधी बघितलं नव्हतं.

मग तिने पाय पुन्हा पुढे केला, आधी एक, मग दुसरा. भिंतीला हात न लावता उठली आणि खिडकीपाशी चालत गेली.