फुकटच्या सर्व्हरला आभाराचं पत्र

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. यांना नाही, मुलींना नाही, देवापुढे उभी राहूनसुद्धा नाही — तिथे तर मी जास्तच गोलगोल बोलते. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही मला ओळखत नाही. आणि ओळखत असाल तरी आता माझं वय असं आहे, की लोक म्हणतील, आजी काहीतरी बरळून राहिली.

आधी मूर्खपणा सांगते. तो सोपा आहे, त्यावर हसता येतं. परदेशातल्या एका कॉलेजात कॉम्प्युटर सांभाळणारा एक माणूस होता. त्याला मी आभाराचं पत्र लिहिलं. बस, एवढंच. तुम्ही म्हणाल, यात काय बिघडलं? थांबा जरा.

भिलाई तेव्हा मध्य प्रदेशात होती. आम्ही सेक्टर 10 मध्ये, प्लांटच्या क्वार्टरमध्ये राहायचो. यांनी मुलींच्या अभ्यासासाठी म्हणून कॉम्प्युटर घेतला, मुली शिकायला नागपूरला गेल्या आणि ते मशीन माझ्या तावडीत सापडलं. इंटरनेट म्हणजे तेव्हा काळा पडदा आणि पांढरी अक्षरं. मोडेम रायपूरला फोन लावायचा आणि शेपटीवर पाय पडलेल्या मांजरासारखा ओरडायचा. लाईन लागली तर लागली. मी मात्र अशी बसायची, जशी काही ब्लास्ट फर्नेस मीच चालवते.

मला नाद होता न्यूजग्रुपचा. तुम्हाला माहीत नसेल. समजा, शाळेतल्या फळ्यासारखा एक फळा आहे आणि तो साऱ्या जगाचा आहे. कोणीही त्यावर पत्र लावावं, कोणीही खाली उत्तर लावावं. स्वयंपाकाचा फळा वेगळा, औषधांचा वेगळा, परदेशात राहणाऱ्या आपल्या लोकांचा वेगळा. मी स्वयंपाकाच्या फळ्यावर पुरुषाच्या नावानं भांडायची. पत्ता खोटा द्यायची तिथे पद्धतच होती, नाहीतर जाहिरातींच्या पत्रांनी टपालपेटी भरून जायची. माझा पत्ता मी झुणका-भाकर असा काहीतरी ठोकून दिला होता. काय हसायची मी स्वतःवरच! हे खोट्या पत्त्याचं लक्षात ठेवा. मला ते विसरता आलेलं नाही.

पण फळा वाचायचा तर सर्व्हर पाहिजे. आम्हाला ज्यांचं इंटरनेट होतं, त्यांच्या सर्व्हरवर पत्रं यायची ती शिळी आणि अर्धी. म्हणून जगभरातले माझ्यासारखे रिकामटेकडे लोक फुकटचे, उघडे सर्व्हर शोधायचे. कुणाकडून तरी पत्ते मिळत. एक टाकावा, तर तो पासवर्ड मागतो. दुसरा वाचू देतो, पण लिहू देत नाही. तिसरा आज उघडतो आणि उद्या मेलेला. महिनोन् महिने मी हेच केलं. डाळ करपायची, हे जेवायला बसून वाट बघायचे, आणि मी पत्ते टाकते आहे. मग एक सापडला. कुठल्याशा थंड देशातल्या कॉलेजचा. सगळे ग्रुप, ताजी पत्रं, वाचा, लिहा, कोणी हटकणार नाही. कधी बंद नाही, कधी रुसणं नाही. असा सर्व्हर सापडला की त्याचं नाव कुठे काढायचं नाही, एवढा एकच नियम फुकट वाचणाऱ्यांचा होता.

आता शैलाबद्दल सांगायला हवं. इथून पुढे मला हसू येत नाही.

शैला खुर्सीपारला राहायची. नवरा ठेकेदाराकडे कामाला, आणि ही साड्यांना फॉल-पिको करून द्यायची. आमच्याकडची माणसं, यवतमाळकडची. तिची आई दुर्गला एकटी राहायची. तिचा एकुलता एक भाऊ, दिलीप, आयटीआय करून फिटर झाला आणि एजंटामार्फत आखातात गेला. दोन वर्षं पत्रं आली. मग थांबली, आणि तेव्हापासून आई रात्री दाराला कडी घालत नव्हती. एजंट दुकान बंद करून गेला. शैला कुठे कुठे जाऊन आली — कलेक्टर ऑफिस झालं, ज्योतिषी झाला. एकदा फॉल लावलेल्या साड्या द्यायला आली आणि कॉम्प्युटरसमोर मला बघून म्हणाली, काकू, यातून माणूस सापडते का?

मी काय म्हणाले असेन? या बाईला — म्हणजे तेव्हाच्या मला — नाही म्हणता येतच नव्हतं. बस, म्हटलं. आखातातल्या आपल्या लोकांचा एक फळा होता. तिथे मी तिच्यादेखत पत्र लावलं: दिलीपचं नाव, गाव, फिटर, डाव्या भुवईवर जखमेची खूण. खाली सही माझ्या त्या खोट्या नावाची, खोट्या पत्त्यासकट. म्हणजे कोणी थेट मला पत्र पाठवू म्हटलं तरी ते पोचणार नाही, उत्तर लागलं तर फळ्यावरच. खरा पत्ता टाकायला काय झालं होतं? सुचलंच नाही. सवय.

आणि उत्तर आलं. खरंच आलं. कोणीतरी इंजिनिअर होता. लिहिलं होतं की या नावाचा, भुवईवर खूण असलेला फिटर त्याच्या जुन्या साइटवर होता. तिथल्या लोकांना विचारून पुढच्या आठवड्यात इथेच लिहितो. ते वाचून मी फोनची लाईन तशीच चालू ठेवून अंगणात धावले. शैला साडीची घडी घालत होती. तिला सांगितलं, आणि ती ओट्यावर बसली ती बसलीच. त्या इंजिनिअरचा पत्ता टिपून ठेवावा, हे शहाण्या माणसाला सुचलं असतं. परत आले तेव्हा लाईन तुटली होती.

आणि मग मी ते पत्र लिहिलं. आमच्याकडे शेजारणीचा डबा रिकामा परत पाठवत नाहीत, दोन लाडू का होईना, त्यात घालतात. मग एवढं मोठं काम ज्याच्या सर्व्हरमुळे झालं, त्याला एक शब्दही पाठवायचा नाही? कॉलेजच्या नावावरून सर्व्हर सांभाळणाऱ्याचा पत्ता शोधला आणि माझ्या खऱ्या नावानं, सेक्टर 10, भिलाई, मध्य प्रदेश, पिनकोडसुद्धा घालून लिहिलं, की तुम्ही आमच्यासाठी दार उघडं ठेवलंत, तुमचे उपकार कसे फेडू, भिलाईला आलात तर जेवायला आमच्याकडेच. काय ते इंग्रजी, काय तो रुबाब!

त्याचं उत्तर दुसऱ्याच दिवशी आलं. फार सभ्य माणूस. कळवल्याबद्दल आभार, म्हणाला. सर्व्हर बाहेरच्यांसाठी चुकून उघडा राहिला होता, आता बंद केला आहे.

मी पुन्हा पुन्हा लाईन लावून पाहिली. प्रवेश नाही. प्रवेश नाही.

पुढचे दिवस कसे गेले, ते सांगता येणार नाही मला. फळ्यावरची पत्रं कायमची नसत. काही दिवसांनी जुनं पुसून नवं लागायचं. तो इंजिनिअर लिहिणार, ते लागणार आणि पुसलं जाणार — आणि मी बाहेर उभी. जे जे पत्ते होते ते सगळे पुन्हा टाकले. एक उघडला, त्यावर हा ग्रुपच नाही. एक उघडला, ग्रुप आहे, पण पत्रं फक्त कालची. अनोळखी लोकांना मी मेल लिहून फुकटचा सर्व्हर मागितला — भीक मागितली म्हणा. कोणी कशाला सांगेल? नाव फोडणाऱ्याचं काय होतं, ते मला आता कळलं होतं. शैला रोज प्लांटची पाळी सुटायच्या भोंग्याआधी यायची. खुर्चीची पाठ धरून उभी राहायची, पडद्याकडे बघत. काकू, कावून नाही उघडून राहिलं? म्हणायची. मी म्हणायची, परदेशातली मशीन आहे, बिघडली असेल. बिघडली! तिच्या तोंडावर सांगितलं.

आता तुम्ही विचाराल — विचारायलाच हवं — त्या सभ्य माणसाचा पत्ता तर माझ्याकडे होता ना? होता. त्याला एक ओळ लिहायची होती: साहेब, तुमच्या फळ्यावर आमच्या माणसाची खबर लागली असेल, तेवढी बघून कळवा. त्यानं कळवलं असतं, असंच मला वाटतं. मी लिहायला बसलेसुद्धा. दोन ओळी लिहिल्या आणि पुसल्या. ज्याला जेवायला बोलावलं, त्याच्यासमोर आता फुकट्या चोरासारखं तोंड न्यायचं? हे म्हणाले होते, परक्याच्या मशीनमध्ये शिरू नकोस, कधीतरी अंगाशी येईल. यांना कळलं तर? शैलाला कळलं की मीच दार लावून घेतलं तर? तीच कारणं मी रोज नव्यानं काढली. खरं कारण एकच होतं. मला लाज वाटली. माझी लाज मला तिच्या भावापेक्षा मोठी वाटली.

दिलीप कधी परत आला नाही. त्याची काही खबरही नाही. शैला अजून खुर्सीपारलाच असते, आता तिची सून पिकोचं मशीन चालवते. रस्त्यात भेटली की वाकून नमस्कार करते मला. तिची आई गेली. यातलं काहीच मी बदलू शकले असते, असं मी छातीठोक म्हणत नाही. शकले नसते, असंही नाही. तेच तर कळायचं राहिलं.

आणि अजून मी मूळ गोष्ट सांगितलीच नाही. बघा, अजूनही गोलगोल फिरतेय.

तिचं ते रोज येणं मला सोसेना. खुर्चीच्या पाठीवर तिची बोटं आली की माझ्या मानेला घाम यायचा. ती येऊ नये, एवढंच मला हवं होतं. दिलीप सापडावा, असं वाटणंसुद्धा थांबलं होतं. मग एका दुपारी ती आली, आणि पडदा चालू करायच्या आधीच मी म्हणाले, शैला, उत्तर आलं. तो तुझा भाऊ नव्हे. नाव तेच आहे, पण माणूस दुसरा, बिहारकडचा. मी त्या इंजिनिअरला पुन्हा विचारून खात्री करून घेतली.

एवढं सगळं मी सलग, न अडखळता बोलले. आवाजसुद्धा हलला नाही. बिहारसुद्धा मीच घातला, खरं वाटावं म्हणून.

ती रडली नाही. तिनं खुर्चीच्या पाठीवरून एकदा बोट फिरवलं. मग पदर खोचला, पिशवी उचलली, आणि दारात थांबून म्हणाली, "बरं झालं काकू, तुमी खरं सांगून टाकलं. आता आईले सांगतो, रातची कडी लावून झोपत जाय म्हणून."